गोव्याच्या पावसात पिकअप कशी सांभाळावी : नव्या मालक-चालकांसाठी

लडाखमध्ये गाडी चालवणाऱ्यांच्या चिंता वेगळ्या. तिथे थंडीत डिझेल टाकीतच घट्ट होतं. म्हणून इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं खास डिझेल तिकडे आणलं. आपल्याकडे पणजीत पारा २० वर उतरला की लोक कपाटातले स्वेटर शोधायला लागतात. गोव्याचा हिवाळा म्हणजे पिकअपची सुट्टी. तिची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत.

मी उत्तर गोव्यातल्या साखळीचा. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून खाली आणतो. उरलेल्या वेळात जांभ्याचे चिरे, सिमेंट, मंडपाचं सामान, मिळेल ते भाडं. आताची माझी दुसरी पिकअप. पहिली सहा पावसाळ्यांत खालून सडली. भंगारात द्यायच्या दिवशीसुद्धा तिचं इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं, आणि चेसिसमध्ये (गाडीच्या खालच्या सांगाड्यात) मात्र स्क्रू-ड्रायव्हर आरपार जात होता. सहा वर्षं मी इंजिनाची काळजी घेतली आणि गाडी खालून गेली. आपल्याकडे पाऊस वरून पडतो, पण गाडी खातं ते खाली अडकून राहिलेलं पाणी. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. आधी खालचं, मग बाकीचं.

बोलेरो पिकअप असो, टाटा एस असो, अशोक लेलँडची दोस्त असो, तत्त्व एकच. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक मात्र फेकू नका. तेलाचे ग्रेड आणि हवेचे आकडे त्यात पाहा, माझ्या तोंडचे घेऊ नका.

मे महिना : गाडीखाली शिरा

मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक अख्खा दिवस काढा. जून उजाडला की गॅरेजात रांग लागते आणि गाडी कोरडी मिळत नाही. कोरडी गाडी ही या कामाची पहिली अट आहे.

सर्व्हिस स्टेशनला रॅम्पवर गाडी चढवून खालून धुऊन घ्या. धुणारा पोरगा वरून फेस मारून मोकळा होतो. त्याच्याजवळ उभे राहा आणि बोट दाखवून सांगा : मडगार्डच्या आतली दुमडलेली कड, पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे चेसिसला टांगलेले असतात ते ब्रॅकेट, डिझेल टाकीच्या पट्ट्या, हौद्याचा (मागच्या माल भरायच्या भागाचा) सांगाडा आणि चेसिस यांमधली फट, केबिनच्या पायरीची आतली बाजू. आपली लाल माती या जागी जाऊन बसते आणि वरून सुकलेली दिसली तरी आत आठवडाभर ओल धरते. लोखंडाला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखंच ते.

त्यात किनारपट्टीवाल्यांना खारी हवा, आणि फेरीबोटीवाल्यांना त्याहून वाईट. रायबंदरहून चोडणला किंवा जुन्या गोव्याहून दिवाडीला रोज जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की धक्क्याच्या उतारावर चाकं ज्या पाण्यात बुडतात ते नदीचं असलं तरी भरतीमुळे खारट असतं. पुलावरून जाणाऱ्यापेक्षा फेरीवाल्याची गाडी लवकर गंजते. मासे वाहणाऱ्यांचंही तेच. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना मासेमारीबंदी असते, तोवर हौद्याला विश्रांती. ऑगस्टमध्ये क्रेट चढायला लागले की बर्फाचं खारट पाणी फळ्यांमधून थेट चेसिसवर गळतं. दिवसाच्या शेवटी साध्या पाण्याचा पाइप हौद्यात आणि हौद्याखाली मारायचाच, कितीही दमलात तरी.

धुऊन झालं की गाडी एक-दोन दिवस उन्हात वाळू द्या. मग टॉर्च आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली जा आणि ठोकत चला. पत्रा टणटण वाजला तर ठीक, भदभद वाजला तर आतून खाल्लेला आहे. गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढा, गंजावर लावायचं कन्व्हर्टर मिळतं ते लावा, वर रेड ऑक्साइड, त्यावर रंग आणि शेवटी अंडरबॉडी कोटिंग. क्रम चुकवू नका. ओल्या किंवा गंजलेल्या लोखंडावर थेट काळं कोटिंग मारलं की ओल आत कोंडली जाते, आणि वरून छान काळंभोर दिसत असताना खाली चेसिस सडत राहते. माझ्या पहिल्या गाडीचं नेमकं हेच झालं.

जळकं इंजिन ऑइल खालून फासायचा जुना रिवाज आहे. मी सोडला. रबरी बुश त्याने फुगून मऊ पडतात, मातीचा थर त्याला जास्तच चिकटतो, आणि पहिल्या सरीत ते सगळं शेजाऱ्याच्या विहिरीच्या वाटेने जातं.

दोन बारीक कामं लोक विसरतात. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. आणि केबिनमधलं मॅटिंग उचलून बघा, खाली पत्रा ओला असेल तर पाणी कुठून येतंय ते पावसाआधी शोधा. हौद्याला लाकडी फळ्या असतील तर होड्यांच्या लाकडाला लावतात ते काजूच्या टरफलाचं तेल लावून घ्या. हातमोजे घालूनच, कातडी भाजते. एकदा लावलं की पाऊसभर फळी फुगत नाही.

त्याच दिवशी ग्रीसगन चालवा. पाट्यांचे शॅकल, स्टिअरिंगचे जॉइंट, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, जिथे जिथे ग्रीस भरायचं निपल आहे तिथे जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. पाट्यांचे यू-बोल्ट आवळून घ्या. एखाद्या पाट्याला तडा असेल तर तो बदला. भरल्या गाडीने खड्ड्यात पाटा तुटला तर ॲक्सल तिरका होतो.

क्राऊनचा ब्रीदर : वीतभर पाइपची गोष्ट

मागच्या ॲक्सलच्या मधोमध भोपळ्यासारखा गोळा असतो, तो डिफरन्शियल. गॅरेजात त्याला क्राऊन म्हणतात. त्याच्या वरच्या बाजूला करंगळीच्या पेराएवढी टोपी असते, ती ब्रीदर. तिचं काम आतल्या हवेला श्वास घेऊ देणं. गाडी दोन तास चालली की आतलं तेल तापतं, हवा प्रसरते आणि टोपीतून बाहेर पडते. तोच तापलेला गोळा ओहोळाच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. बाहेर पाणी असेल तर पाणीच ओढणार. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती ओढ ॲक्सलच्या ऑइल सीलमधून पाणी आत आणते.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका जुलैत पहाटे बेळगावहून उतरताना केरीच्या अलीकडे रस्त्यावरून ओहोळ वाहत होता. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत. हळूच पार केलं, काही झालं नाही, विसरलो. ऑगस्टच्या मध्याला चाळीसच्या वेगावर मागून ‘घूंऽऽ’ असा आवाज सुरू झाला. एका गॅरेजने चाकाचे बेअरिंग सांगितले, दोन्ही बदलले. आवाज तसाच. शेवटी घाटात भेटणाऱ्या एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याने विचारलं, ‘क्राऊनचा बोल्ट उघडून तेल पाहिलंस का रे?’ उघडला तर आतून दूध घातलेली कॉफी आली. पाण्याने तेल फाटलं होतं, आतले बेअरिंग खाल्ले होते. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, ऐन हंगामात गाडी दहा दिवस उभी, आणि लोक माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांच्या छताचं) सामान न्यायला दुसऱ्याची पिकअप शोधत होते.

उपाय अगदी स्वस्त आहे. ब्रीदरची टोपी काढून तिथे निपल बसवायचं आणि डिझेलचा रबरी पाइप क्लिप लावून वर हौद्याच्या खालच्या चौकटीपर्यंत न्यायचा, तोंड खाली वळवून. काही गाड्यांना कंपनीकडूनच असा पाइप असतो. तो निसटलेला नाही ना, एवढंच बघा. खोल पाण्यातून गेल्यावर त्याच आठवड्यात क्राऊन आणि गिअरबॉक्सचा वरचा बोल्ट उघडून बोट घाला. तेल दुधाळ दिसलं तर थांबू नका, काढून नवं भरा. एक लिटर-दोन लिटर तेलाची कंजुषी मला किती महागात पडली ते वर लिहिलं आहेच.

ब्रेक

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि आपल्या दमट हवेत जरा जास्तच. डॉट ४ ताजं असताना २३० अंशांना उकळतं. ओल शोषलेलं १५५ च्या आसपास. आकडे कोरडे वाटतात, पण चोर्ल्याच्या उतारावर भरली गाडी ब्रेकवर धरत आणली की हाच फरक पायाला कळतो : ऑइल उकळून बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी मेमध्ये पूर्ण ऑइल बदला. डबा छोटा घ्या, उघडून उरलेला पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, त्यानेही ओल ओढलेली असते.

मागचे ड्रम उघडून माती साफ करा, लायनर पाहा, सिलिंडर पाझरत नाही ना बघा. पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच वेग घेऊ नका. शंभर-दोनशे मीटर हलकेच ब्रेक दाबत चला म्हणजे ड्रम सुकतात. आणि ओल्या ब्रेकने रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवू नका, सकाळी शू ड्रमला चिकटलेले मिळतात. सपाटीवर गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. ठोकळा गाडीत कायम असू द्या, त्याला बारा कामं आहेत.

टायर

कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. टायरच्या खाचेत आडवी पट्टी असते, नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली की टायर संपला. पण पावसात मी ३ मिलिमीटरलाच टायर काढतो. पाणी बाहेर फेकायला खाच उरली नाही की टायर पाण्यावर तरंगतो, आणि स्टिअरिंग अचानक हलकं लागतं. तसं झालं तर ब्रेक दाबू नका, फक्त ॲक्सलरेटर सोडा.

रिकामी पिकअप पावसात भरलीपेक्षा जास्त धोक्याची. नवख्यांना हे उलटं वाटतं. मागचे पाटे टनभर मालासाठी बनवलेले असतात. रिकामी असताना मागची चाकं रस्त्यावर नीट टेकतच नाहीत, नुसती उडतात, आणि जोर तर मागच्याच चाकांना. वळणावर शेपूट कधी बाहेर निघते कळत नाही. म्हणून चांगले दोन टायर मागे. रिकामं परतताना वाळूची दोन-तीन पोती ॲक्सलच्या बरोब्बर वर ठेवा, मागच्या फाळक्याजवळ (उघडायच्या झडपेजवळ) नाही, आणि बांधून ठेवा. सुटं पोतं ब्रेक मारल्यावर केबिनवर येऊन आदळतं.

सर्वांत घसरडा दिवस पहिल्या पावसाचा. सहा-सात महिन्यांचं सांडलेलं ऑइल, धूळ आणि टायरचा चुरा वर येतो. त्या दिवशी वेग निम्मा ठेवा. पंक्चरसाठी एक सूचना : जॅकखाली घालायला फूटभर लांब जाड फळी ठेवा. पावसात भिजलेल्या मातीत जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो.

वायरिंग आणि बॅटरी

गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. साधा मल्टिमीटर घ्या, पाचशे रुपयांच्या आत मिळतो आणि पावसाळ्यात वारंवार लागतो. पावसात वायपर, दिवे, ब्लोअर सगळं एकदम चालतं, म्हणून उन्हाळ्यात कशीबशी चालणारी बॅटरी जुलैत दगा देते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, सुकवा, आवळा, वरून व्हॅसलिन. काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस.

निम्म्याहून अधिक इलेक्ट्रिक भानगडी अर्थिंगच्या निघतात. इंजिनापासून चेसिसला येणारी जाडी पट्टी सोडवून तिच्याखालचा गंज घासा आणि परत आवळा. मागचे दिवे चिखलाच्या माऱ्यात असतात. होल्डर काढून आत गंज असेल तर बदला आणि प्लगमध्ये इलेक्ट्रिकचं ग्रीस भरा. एक इंडिकेटर लावला की दुसराच दिवा मिणमिणतो, असं दिसलं तर बल्ब बदलत बसू नका, अर्थिंग बघा.

आणि उंदीर. शेतात पाणी भरलं की त्यांना कोरडी, उबदार जागा हवी असते, आणि तुमचं बॉनेट त्यांना आयतं मिळतं. मी इंजिनाजवळ तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधतो. शेजारी डांबराच्या गोळ्यांवर विश्वास ठेवतात. दोघांच्याही वायरी एकदा कुरतडल्या गेल्या आहेत. खरा उपाय म्हणजे गाडी एका जागी चार-पाच दिवस उभी न ठेवणं आणि भाजीचे देठ, दाणे हौद्यात न सांडणं. सकाळी बॉनेट उघडायच्या आधी त्यावर एक थाप मारा. उंदराच्या मागे कधी कधी सापही येतो.

डिझेल आणि हवा

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा, गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी सुरू करण्याआधी तो उघडून पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढा. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि डोळ्यांना दिसतं. डिझेल स्वच्छ यायला लागलं की बंद करा, आणि हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. आताच्या कॉमन रेल इंजिनांचे इंजेक्टर पाण्याचा थेंब सहन करत नाहीत, आणि त्यांची किंमत ऐकून माणूस गाडी विकायचा विचार करतो. डॅशबोर्डवर फिल्टरातल्या पाण्याचा दिवा लागला तर घरी जाऊन बघू म्हणू नका, तिथेच थांबून काढा. रात्री टाकी निम्म्याच्या वर ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवा गार होऊन पाणी धरते.

एअर फिल्टर मेमध्ये नवा. आणि आपल्या गाडीत इंजिन हवा नक्की कुठून ओढतं ते तोंड शोधून ठेवा. कुठे बॉनेटखाली ग्रिलच्या मागे असतं, कुठे केबिनच्या पाठीमागे उंच. ते किती फुटांवर आहे हे मोजून लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेडिएटरच्या जाळीत लाल माती बसली की भर पावसात गाडी तापते आणि लोक थर्मोस्टॅट बदलत बसतात. हलक्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने बाहेर, धुऊन काढा. जोराचा पाइप मारलात तर जाळीची पातळ पाती वाकतील.

काच आणि ताडपत्री

वायपरचं रबर दरवर्षी नवं, चर्चा नको. काचेवर तेलकट थर असेल तर नवं रबरही फरपटतं. भांड्याच्या साबणाने काच धुऊन कोरड्या वर्तमानपत्राने पुसा. घाटात वायपर बंदच पडला तर काचेवर तंबाखू चोळायची जुनी युक्ती अजून चालते, गाव गाठण्यापुरती. आतून काच धुकटली तर पुसत बसू नका. एसी असेल तर लावा, नसेल तर दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली करा.

काचेच्या खाली, वायपरपाशी जी जाळी असते तिथे आंब्या-फणसाची पानं अडकून पाणी तुंबतं आणि मग ते केबिनमध्ये, फ्यूज बॉक्सवर गळतं. दर रविवारी हाताने पानं काढा. गाडी माडाखाली लावू नका, हे सांगायला नको, तरी सांगतो. वाऱ्यापावसात झावळी पडली तर काच जाते, नारळ पडला तर टप.

ताडपत्री हौद्यावर सपाट ताणू नका. मधोमध आडवा बांबू किंवा पाइप टाकून छपरासारखा उतार द्या. सपाट ताडपत्रीत एक मीटर लांब-रुंद जागेत १० सेंटिमीटर पाणी साठलं तर ते १०० किलो होतं. ते वळणावर एका बाजूला धावलं की गाडी कशी हलते ते विचारू नका. चिरे वाहणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावं : चिरा सच्छिद्र असतो, खाणीवर पावसात भिजत पडलेला चिरा कोरड्यापेक्षा जड भरतो. उन्हाळ्यात जितके चिरे घालत होतात तितकेच जुलैत घातले तर गाडी ओव्हरलोड आहे.

पाण्यातून जावं की नाही

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच द्यायचं. वाहतं पाणी असेल तर उतरूच नका. दोन फूट खोल वाहतं पाणी पिकअपसकट बहुतेक गाड्या उचलून नेतं, आणि लाल पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय हे वरून कळत नाही. २०२१ च्या जुलैत सत्तरी-डिचोलीकडे पूर आला तेव्हा रोजच्या ओळखीचे रस्ते ओळखू येत नव्हते. अर्धा तास थांबा. ओहोळ जसा चढतो तसा उतरतोही. भाजी अर्ध्या तासात नासत नाही.

साचलेलं, न वाहणारं पाणी असेल तर आधी काठी घेऊन उतरून खोली बघा. चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर जाता येईल. एसी बंद करा. पहिला गिअर, एकसारखा ॲक्सलरेटर, मध्ये गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. समोरून येणारी बस आधी जाऊ द्या. तिच्या लाटेने पाणी वर चढतं, आणि ते हवा ओढायच्या तोंडापर्यंत कसं पोचतं हे तेव्हा कळतं.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. हे वाक्य स्टिअरिंगवर चिकटवून ठेवलं तरी चालेल. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन बंद पडल्याने नुकसान होतं ते थोडं, किल्ली फिरवल्याने होतं ते मोठं. ढकलून किंवा दोराने बाहेर काढा, बॅटरीचा मायनस सोडवा, एअर फिल्टर उघडून बघा. फिल्टर ओला असेल तर गाडी ओढतच गॅरेजला न्या. विम्याची पॉलिसीही आत्ताच वाचून ठेवा. बुडालेल्या गाडीला सेल्फ मारून झालेलं नुकसान अनेकदा नाकारतात.

बाहेर आलात की ब्रेक सुकवा, दुसऱ्या दिवशी ग्रीसगन चालवा, आणि क्राऊनचं तेल बघा. मागे सांगितलंय, तरी परत सांगतो.

घाट

चोर्ला असो, अनमोड असो की काणकोणचा करमल, पावसात तिन्हींचा स्वभाव सारखाच. धुकं, ओली पानं, आणि वरून सुटणारा दगड. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे अजून भेटतात. इंजिन बंद की ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात, मग पायात आणि हातात कितीही जोर असला तरी कमीच. धुक्यात हाय बीम लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते. चालत्या गाडीत हॅझर्ड लावू नका, मागच्याला तुम्ही उभे आहात असं वाटतं आणि इंडिकेटर कळत नाही. जिथे डोंगरावरून लाल पाणी आणि बारीक खडे रस्त्यावर येत असतील तिथे चहाला थांबू नका.

रोजची पाच मिनिटं

सकाळी ऑइलची काडी, कूलंटची पातळी, टायरवर नजर, दिवे, वायपर. काडीवरचं ऑइल चहासारखं दुधी दिसलं तर गाडी सुरू करू नका. रात्री मडगार्डखाली पाण्याचा पाइप. माशेलच्या चिखलकाल्यात माणसं हौसेने चिखलात लोळतात आणि घरी जाऊन आंघोळ करतात. गाडीला मात्र आपण चार महिने चिखलातच झोपवतो.

चवथीच्या आधीचे आठ दिवस गाडीला श्वास नसतो. रात्री बाजार, पहाटे माटोळीचं सामान, दुपारी कुणाचं तरी बिऱ्हाड गावाला. म्हणून श्रावणातच एकदा ब्रेक, यू-बोल्ट आणि चाकांचे नट आवळून घ्या. चवथीत बंद पडलेल्या गाडीला मेकॅनिक मिळत नाही, तोही आपल्या गावी गेलेला असतो.

दसऱ्याच्या आधी

पाऊस ओसरला की मेचंच काम परत, उलट्या हेतूने : चार महिन्यांत काय आत गेलं ते बाहेर काढणं. खालून धुणं, वाळवणं, कोटिंग उडालेल्या जागा परत रंगवणं, ग्रीस, क्राऊन आणि गिअरबॉक्सचं तेल बघणं, एअर फिल्टर तपासणं. टायर ओळीने बघा. पावसातल्या खड्ड्यांनी अलाइनमेंट हललेली असेल तर एका कडेने झिजलेले दिसतील. फिटनेसची तारीखही बघून घ्या. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी ती लागते, आणि गंजलेली चेसिस तिथे लपत नाही.

मग पूजा करा, हार घाला. फक्त दुसऱ्या दिवशी वायपरखालच्या जाळीतल्या झेंडूच्या पाकळ्या आठवणीने काढा. परतीचा पाऊस अजून पडायचा असतो.